तीन चाकूंचा तुलनात्मक तक्ता

मी सरकारकडे आयुष्यात एकदाच काही मागितले, ते म्हणजे दोन चाकू. घडी करून खिशात ठेवता येतात तसले, साधे. ढाणकीच्या आमच्या शाळेत तेव्हा एकशेबारा मुले होती आणि त्यांच्या पेन्सिलींना टोक काढायला माझे स्वतःचे दाढीचे पाते होते. पाते शाळेत गेल्यावर मी दाढी कशाने करतो हा प्रश्न घरात रोज सकाळी निघे. त्याला कंटाळून मी तो अर्ज लिहिला. चार ओळींचा होता, आणि माझ्या मते त्यात नम्रता गरजेपेक्षा जास्तच होती.

दोन महिन्यांनी गट कार्यालयाच्या उद्योग विभागाकडून उत्तर आले. आपली मागणी पोचली. तथापि आपल्या भागात घडीचे चाकू परंपरेने कोण बनवितात आणि त्यांच्या मालाची प्रत एकमेकांच्या तुलनेत कशी आहे, याचा तक्ता नमुन्यांसह तीन प्रतींत तयार ठेवावा, साहेब समक्ष येऊन पाहतील. जो कारागीर पहिला ठरेल त्याला यवतमाळच्या ग्रामोद्योग प्रदर्शनात जागा आणि वर्षभर चांगल्या पोलादाचा परवाना देण्यात येईल.

हे काम माझ्याच गळ्यात का पडावे? तर त्याच वर्षी, म्हणजे एकसष्टच्या फेब्रुवारीत, मी जनगणनेला फिरलो होतो. ज्याला माणसे मोजता येतात त्याला काहीही मोजता येते, अशी सरकारची समजूत झाली होती. सोबत छापील नमुना होता. त्यावर ‘मध्यप्रदेश’ खोडून ‘मुंबई’ आणि ‘मुंबई’ खोडून ‘महाराष्ट्र’ लिहिले होते. पाच वर्षांत आम्ही तीन राज्ये पाहिली, पण कागद एकच पाहिला.

पत्र वाचून इंदू, म्हणजे आमचे कुटुंब, म्हणाली, “अहो, दोन चाकू बाजारातून विकत काहून नाही आणले?”

तत्त्वाचे प्रश्न स्त्रियांना कळत नाहीत, असे मी तेव्हा मनात म्हटले. या गोष्टीच्या शेवटी ते मी परत घेतले आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमचे शेजारी विठ्ठलराव जिनिंगमधून निवृत्त झालेले मुनीम. त्यांना सल्ला देण्यासाठी कोणी विचारावे लागत नसे. पत्र आले हे त्यांना पोस्टमनच्या चालीवरूनच कळले होते. ते ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी बंडीच्या खिशातून आपला चाकू काढला.

हा चाकू ढाणकीत सगळ्यांना ठाऊक होता. तो विलायती होता. काळ्या शिंगाची मूठ, पितळेच्या तीन खिळ्या, आणि उघडताना असा आवाज की झोपलेले मांजर उठावे. यवतमाळच्या एका दुकानदाराने तो बोटीने आल्याचे विठ्ठलरावांना स्वतः सांगितले होते. या चाकूने ते पेरू कापून लोकांना फोडी देत आणि विचारत, “गोड लागून राह्यला नं? लोखंडाचा गुन आहे.” मीही कितीदा ती फोड खाऊन मान डोलावली आहे. खोटे कशाला सांगू, गोडच लागायची.

“मास्तर,” विठ्ठलराव म्हणाले, “तुलना करायची तं माप पाह्यजे. हा चाकू माप. दोन्ही लोहारांले हा दाखवा अन् म्हना, अस्साच कर, एक सूत इकडे नाई का तिकडे नाई. मग पाहू कोनाची धार किती. पन चाकू मी हातचा सोडनार नाई. मी संगं येतो.”

मला हा सल्ला फार शास्त्रीय वाटला. पुढचे सगळे त्यातून झाले.

दोन लोहार म्हणजे ढाणकीचा मारोती आणि फुलसावंगीचा बळीराम. घडीचा चाकू करणारे आमच्या बाजूला हे दोघेच. नात्याने जवळचे, कारण बळीरामाची बहीण मारोतीच्या थोरल्या भावाला दिलेली. भाऊ पुढे वारला. पण एकदा मारोतीने बळीरामाचा घण मागून नेला आणि दांडा मोडून परत पाठवला, की घण नेला तेव्हाच दांडा मोडलेला होता, यावरून दोघांचे बोलणे जे बंद झाले ते अकरा वर्षे बंदच होते. मोटारीची मोडकी कमान, बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव, असल्या भंगारावर दोघांचे काम चाले. चांगले पोलाद परवान्याशिवाय मिळत नव्हते, आणि परवाना एकालाच मिळणार होता. दोघांपैकी एक वर्षभर पोलाद ठोकणार आणि दुसरा ते ठोकणे ऐकत बसणार, हे माझ्या लेखणीवर ठरायचे होते. मला रात्री झोप लागेना, आणि थोडा अभिमानही वाटे.

मारोतीकडे गेलो तेव्हा तो विळ्याला धार करत होता. मागे एक बाई भाता ओढत बसली होती. मी छापील नमुना मांडीवर घेऊन रकाने भरू लागलो. विठ्ठलरावांनी चाकू काढून जमिनीवर ठेवला. मारोतीने तो जमिनीवरूनच उचलला, कारण धारेची वस्तू आमच्याकडे हातातून हातात देत नाहीत. दिली की देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होते. मारोती आणि बळीराम यांनी तो घण हातोहात दिला असणार, असे विठ्ठलरावांचे मत होते. घणाला धार नसते हे मी दाखवून दिले, तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

“होते असा,” मारोती चाकू उलटसुलट करत म्हणाला. “पन आठ दिवस लागतीन. गडबडीचं काम नाई हे. पान्याचं काम आहे.”

तापलेले पाते पाण्यात विझवून कडक करायचे, त्याला पाणी देणे म्हणतात. धार राहते ती त्यावर. कोणते पाणी देतोस, असे विचारल्यावर मारोतीने इकडे तिकडे पाहिले आणि हळू आवाजात सांगितले की विहिरीचे पाणी, त्यात काळ्या शेळीचे दूध, आणि वर एक वस्तू जी तो सांगू शकत नाही. मी ते सगळे रकाना पाचमध्ये घेतले. रकाना सात होता ‘मदतनीस, असल्यास’. भाता ओढणाऱ्या बाईकडे पाहून मी तिथे ‘एक बाई’ असे लिहिले आणि तिलाच प्यायला पाणी मागितले. तिने तांब्या आणून दिला आणि पुन्हा भात्याशी जाऊन बसली.

फुलसावंगीला सायकलने निघालो, दोघे एका सायकलवर. विठ्ठलराव मागे. वाटेत बाभळीच्या काट्याने मागचे चाक बसले. विठ्ठलरावांनी काटा काढायला विलायती चाकू वापरू दिला नाही, तो पेरूसाठी होता म्हणून. मी दातांनी काटा काढला आणि उरलेली वाट सायकलने आमच्या खांद्यावरून केली. गावात शिरताना शाळकरी मुले आमच्या मागे लागली. मास्तर माणसाने खांद्यावर सायकल घेऊन परगावी शिरणे यात जी अप्रतिष्ठा आहे, ती कोणत्याही प्रवासभत्त्यात भरून निघत नाही.

बळीराम मारोतीपेक्षा गंभीर निघाला. तो म्हणाला, “पैनगंगेच्या डोहातलं पानी आनतो मी. अवसेच्या दिवशी. ते त्या ढाणकीवाल्याले माहीतच नाई.” मी लिहून घेतले. “अन् आठ दिवसांनं, बाजाराच्या पुढच्या दिवशी या,” तो म्हणाला, “त्याच्या आधी होनार नाई.” हाही कारागीर विचारी आहे, असा शेरा मी मारला. दोघांनाही आठ-आठ दिवसच का लागावेत, हा प्रश्न मला पडला नाही. विठ्ठलरावांनाही पडला नाही, आणि त्यांना सहसा सगळे प्रश्न पडत.

चाकू आले आणि मी ते विलायतीशेजारी मांडले. तीन सुपाऱ्या शेजारी ठेवाव्यात इतके सारखे. माझी कल्पना इतकी यशस्वी झाली होती की कोणता कोणाचा हे ओळखण्यासाठी मला प्रत्येकाच्या मुठीला सुतळीने चिठ्ठी बांधावी लागली. मग तीन आठवडे मी परीक्षा घेतली, विठ्ठलराव आपल्या चाकूजवळ बसून. पेन्सिल, सुतळी, ज्वारीचे धांडे, पेरू आणि माझी स्वतःची हनुवटी, असे पाच विषय. इंदूला तिन्ही चाकूंनी भेंडी चिरायला दिली.

“तिन्हीनं भेंडी सारखीच चिरून राहिली,” ती म्हणाली.

“नीट पाहा.”

“भेंडीच्या बाबतीत मी नीटच पाहते.”

तिचे मत मी तक्त्यात घेतले नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता. माझे मत मात्र तेवीस ओळी झाले. आजही मला ते वाक्यन्‌वाक्य आठवते आणि कान गरम होतात. ‘मारोतीचा चाकू: धार तडफदार, मात्र स्वभावाने उतावीळ.’ ‘बळीरामाचा चाकू: धार गंभीर, सावकाश परंतु खोलवर जाते, पैनगंगेचा परिणाम स्पष्ट.’ आणि विठ्ठलरावांच्या आग्रहाखातर तुलनेला घेतलेला तिसरा: ‘विलायती: धारेत एक प्रकारचा परदेशी संयम.’ तीन प्रती केल्या. विठ्ठलरावांना वाचून दाखवल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

एव्हाना गावाला कळले होते. ढाणकीत मारोती पहिला यावा म्हणून लोक मला रस्त्यात गाठून हात जोडू लागले. फुलसावंगीहून कोणी हरभऱ्याची टोपली पाठवली, ती मी परत पाठवली. ती नेणाऱ्याने वाटेत अर्धी खाल्ली, आणि मास्तरने अर्धी ठेवून घेतली अशी बातमी झाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कोणाचा शेंगदाणा खाल्ला नव्हता.

साहेब आले ते जीपमधून, मंगळवारी दुपारी. तरुण होते, साताऱ्याकडचे, डोक्यावर हॅट. शाळेच्या ओसरीवर मी सतरंजी घालून मध्ये तीन चाकू मांडले होते. एका बाजूला मारोती, दुसऱ्या बाजूला बळीराम, एकमेकांकडे पाठ करून. मारोतीने साहेबांवर छाप पडावी म्हणून फाळ, विळे, कुदळी असा सगळा संसार आणला होता. तो ओझ्याने भरलेला टोपला डोक्यावरून घेऊन आलेली ती भाता ओढणारी बाई खाली पायरीवर बसली होती. विठ्ठलराव अर्थात होते. गावही होते.

साहेबांनी हात पुढे केला. “द्या पाहू एक.”

मी चाकू उचलून त्यांच्या हाताजवळ जमिनीवर ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. पुन्हा हात पुढे केला. मी तो पुन्हा उचलून आणखी जवळ ठेवला. हा अपमान नसून प्रेम आहे, हे त्यांना समजावण्यात पाच मिनिटे गेली. शेवटी हसून त्यांनी तो स्वतः उचलला आणि म्हणाले, “आधी सुतळी कापून पाहू.”

आसपास सुतळी एकच होती, माझ्या चिठ्ठ्यांची.

मी ‘अहो’ म्हणेपर्यंत त्यांनी पहिल्या चाकूने दुसऱ्याची सुतळी कापली, दुसऱ्याने तिसऱ्याची आणि तिसऱ्याने पहिल्याची. तिन्ही वेळा “वा” म्हणाले. चिठ्ठ्या ओसरीवरून उडाल्या आणि एक शाळेच्या शेळीने खाल्ली. शेळी शाळेची नव्हती, पण तिथेच असे.

“छान. यातला मारोतीचा कोणता?”

माझ्या हातात तेवीस ओळींचा तक्ता होता. मी तिन्ही चाकू पाहिले. उघडले. मिटले. पेन्सिलीवर चालवून पाहिले. गाव बघत होते. तडफदार धार, गंभीर धार, परदेशी संयम, सगळे त्या सतरंजीवर माझ्यासमोर पडले होते आणि मला एकही ओळखू येत नव्हता. जमीन दुभंगावी असे मला मनापासून वाटले. शेवटी मी म्हणालो, “हा कारागिरांनीच सांगितलेला बरा.”

मारोतीने एका झटक्यात मधला उचलला. “हा माहा. अंधारात ओयखीन.” आणि खाली ठेवला. तो बळीरामाने उचलला. “हा माहा आहे साहेब. त्याच्या बापानं तरी केला असता काय असा?” आणि खाली ठेवला. तोच विठ्ठलरावांनी उचलला आणि छातीशी धरला. “हा विलायती आहे, माह्या खिशातला. याचा सुवास वेगया आहे.” आणि रिवाज म्हणून त्यांनीही खाली ठेवला. असा तो चाकू तिघांत तीन फेरे फिरला. कोणी कोणाच्या हातातून ओढून घेऊ शकत नव्हते, म्हणून भांडण फार शिस्तीत चालले होते. साहेबांनी हॅट काढली.

“कायले भांडता बापा,” पायरीवरून आवाज आला. “पातं अर्ध मिटवा अन् बुडाशी पाहा. ठिपके आहेत.”

ती बाई उठून वर आली होती. मारोती एकदम म्हणाला, “वयनी, तुमी गप बसा.” आणि त्याच क्षणी बळीराम म्हणाला, “बाई, तू काहून बोलून राह्यली?” आपण दोघेही एकाच बाईला गप्प बसवत आहोत हे दोघांच्या लक्षात आले आणि दोघेही थांबले. ही धुरपताबाई. एकाची भावजय, दुसऱ्याची बहीण.

साहेबांनी पाहिले. घडीत लपलेल्या भागावर टोच्याने मारलेले बारीक ठिपके होते. एका चाकूवर एक, दुसऱ्यावर दोन, आणि भांडणातल्या चाकूवर तीन.

“एक ठिपका म्हंजे मारोतीचा,” धुरपताबाई म्हणाली. “दोन म्हंजे बळीरामाचा. दोघाईचे पाते एकाच कोयशात पडते माह्याकडे, मग गलत होऊ नये म्हनून ओयखीची खून करतो मी. ठोकते ते दोघं. पानी मीच देल्लं, अन् धारही. माह्या बापानं मले शिकवलं. हा बळीराम तवा विटीदांडू खेळे. माह्या खोपटात अंधार पाह्यजे, लोखंडाचा रंग दिसाले. पिकल्या बोरावानी झालं का बुडवाचं. दूध नाई का डोह नाई, साधं पानी.”

“आणि तीन ठिपके?” साहेबांनी विचारले.

“तो अख्खा माहाच. दिवायीच्या आधी एक फेरीवाला येते, डझनभर घेऊन जाते यवतमाळले.”

विठ्ठलरावांनी वाकून ते तीन ठिपके पुन्हा मोजले. मग त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारले, “म्हंजे बोटीनं नाई आला?”

“नाई जी. टोपल्यातून गेलता.”

मारोती आणि बळीराम मान खाली घालून उभे होते. मारोती म्हणाला, “साहेब, मीनंच वयनीले सांगतलं होतं, कोनाले सांगू नका म्हनून.” बळीराम जमिनीकडे पाहत म्हणाला, “मीनंही.” दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी, चोरून, एकाच खोपटात पाती पाठवली होती, आणि दोघांचे गुपित सांभाळत ही बाई अकरा वर्षे भाता ओढत बसली होती. मी तिच्या हातचे पाणी पिऊन तिला रकाना सातमध्ये टाकली होती. मला तक्ता फाडावासा वाटला. पण तीन प्रती होत्या.

साहेबांनी नवा कागद मागितला. “लिहा मास्तर. कारागिराचे नाव?”

“धुरपताबाई,” मी लिहिले, माझ्या उत्तम अक्षरात. ती वाकून कागदाकडे बघत होती. वाचता येत नव्हते तिला, पण नाव कुठे लिहिले ते तिला दाखवावे लागले नाही. “हेच काय माहं?” तिने विचारले. मी हो म्हणालो. तिने बोट लावले नाही, नुसती पाहत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते मी जीपच्या धुळीवर ढकलले, जीप उभी होती तरी.

“परंपरागत व्यवसाय?” साहेब. “लोहारकाम. बापाकडून,” मी. साहेब पुढे म्हणाले, “परवाना बाईंच्या नावे. प्रदर्शनातली जागाही. मदतनीस, असल्यास?”

मी धुरपताबाईकडे पाहिले. ती थोडा विचार करून म्हणाली, “लिवा. मारोती अन् बळीराम.”

ओसरी एवढी हसली की शेळी पळाली. मारोतीसुद्धा हसला, आधी नाइलाजाने आणि मग खरेच. विठ्ठलरावांनी खिशातून पेरू काढला, तीन ठिपक्यांच्या चाकूने त्याच्या फोडी केल्या आणि पहिली फोड धुरपताबाईसमोर ठेवली. “खाऊन पाहा,” ते म्हणाले, “लोखंडाचा गुन आहे.” त्यांच्या आवाजात पूर्वीपेक्षा कमी रुबाब नव्हता. आता तर कारागीर त्यांच्या ओळखीची निघाली होती.

साहेबांची जीप गेल्यावर धुरपताबाईने टोपला भरला. मारोती सवयीने बाजूला उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिले, तेव्हा त्याने तो मुकाट्याने स्वतःच्या डोक्यावर घेतला.

“आता पोलाद येईन,” ती दोघांना म्हणाली. “पाते घेऊन या तं दिवसा या, समोरच्या दारानं. अन् दोघंही संगच या. दोनदा कोयसा जायाले मले परवडत नाई.”

ती पायऱ्या उतरून चालू लागली. दोघे तिच्यामागे निघाले, मध्ये हातभर अंतर ठेवून. शाळेच्या फाटकापाशी बळीराम थांबला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने मारोतीकडे तोंड केले.

“पाते घेऊन येईन तवा जेवून येऊ,” त्याने विचारले, “का तुह्याचकडे जेवू?”

मारोतीने डोक्यावरचा टोपला सावरला. “जेवाले ये,” तो म्हणाला.